थंडीतली मोरी

न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, ॲडिरॉन्डॅकच्या डोंगरांत, आम्ही दोन मराठी कुटुंबे मिळून एक लहान केबिन बांधत आहोत. (तिकडचे लोक तिला 'कॅम्प' म्हणतात, मग ती चार खोल्यांची का असेना.) खिडक्या आणि शेगडी यांवर बोलायला सगळेच उत्सुक होते, मोरी माझ्या वाट्याला आली. वर्षभराच्या वाचनानंतर माझे मत असे आहे, की थंड प्रदेशात पाणी कुठून जाईल याच्याही आधी हवा कुठून येईल हे ठरवावे.

बेसिनखालच्या नळीला वळण असते. त्यात दोन ते चार इंच पाणी कायम साठून राहते आणि गटारातला वायू अडवते. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 मध्ये अशाच वळणाच्या शौचकूपाचे पेटंट घेतले. आपल्याकडे फरशीतल्या जाळीखाली हेच काम करणारा तो 'नहाणी ट्रॅप'. आपल्या न्हाणीतला हा शब्द भारतातल्या इंग्रजी प्लंबिंग-पुस्तकांत जसाच्या तसा जाऊन बसला आहे, याची मला गंमत वाटते.

हे पाणी जागेवर राखायचे काम व्हेंट पाईपचे. फ्लशचे पाणी उभ्या नळीतून कोसळते तेव्हा मागे हवेचा दाब घटतो. छपरावर उघडणाऱ्या व्हेंटमधून तिथे हवा पोचली नाही, तर जवळच्या ट्रॅपमधले पाणी ओढले जाते. आधी गुडगुड आवाज, मग वास. त्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, मिथेनही. हिवाळ्यात दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या घरात हा नुसता नाक मुरडण्याचा प्रश्न राहत नाही.

मुंबईत हा पाईप इमारतीच्या मागच्या भिंतीवरून उघड्यावर वर जातो. शेवाळतो, पण गोठत नाही. इथे सेप्टिक टाकीकडची उबदार, दमट हवा व्हेंटमधून चढते आणि तिच्यातली वाफ नळीच्या तोंडाशी आतून हिमाचे थर धरते. कडाका टिकला तर बारीक नळी बुजते. म्हणून हिवाळ्याचे तापमान उणे 18 अंश सेल्सियस किंवा त्याखाली धरले जाते तिथे छपराबाहेरचा भाग किमान 3 इंच व्यासाचा हवा, असा नियम आहे. दीड इंची नळी रुंद करायची तीही छपराशी नव्हे, तर घराच्या उबदार भागात, किमान 1 फूट आत.

मग नकाशाच बदलतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाठीला पाठ, सगळे पाईप मधल्या भिंतीत. तळ्याकडच्या खिडकीखाली सिंक हवे हा हट्ट अजून चालू आहे. मी त्याच्या विरोधात आहे. बाहेरच्या भिंतीतली नळी आधी गोठते. आडव्या 2 इंची नळीला फुटामागे पाव इंच उतार द्यावा, मध्ये कुठेही झोळ नको. गळक्या नळाचे थेंबही वाहून जाण्याआधी थिजतात आणि एकावर एक साठून नळी भरते.

राहिला प्रश्न केबिन बंद ठेवण्याच्या महिन्यांचा. नळ, हीटर, टाक्या रिकाम्या करता येतात. ट्रॅप रिकामा केला तर वायूला वाट मोकळी. तिथे पाण्याऐवजी प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गोठणरोधक द्रव ओततात. मोटारीतले सहसा एथिलीन ग्लायकॉलचे असते आणि ते विषारी, ते ओतू नये. एका ट्रॅपला साधारण दोन पेले पुरतात. कमोडच्या भांड्यात मात्र अधिक लागते.