फिरत्या यंत्रांचे कंपन: घड्याळाऐवजी कोनाने मोजमाप

गिअरबॉक्समधील दंतचक्राच्या एखाद्या दाताच्या मुळाशी बारीक तडा गेला, तर बाहेरून काहीही दिसत नाही. यंत्र चालू राहते, आवाजही नेहमीसारखाच वाटतो. मात्र प्रत्येक फेऱ्यात तो कमकुवत दात समोरच्या दाताला भिडतो, तेव्हा गिअरबॉक्सच्या कवचापर्यंत एक सूक्ष्म हादरा पोहोचतो. हा हादरा वेळीच ओळखता आला, तर एक दंतचक्र बदलून काम भागते. तो निसटला, तर पवनचक्की महिनोन्महिने बंद पडू शकते आणि हेलिकॉप्टरच्या बाबतीत त्याची किंमत मनुष्यहानीने मोजावी लागते.

हा हादरा शोधण्यासाठी यंत्रावर कंपनमापक बसवतात आणि त्याच्या नोंदींचे संगणकाद्वारे विश्लेषण करतात. या विश्लेषणात एक मूलभूत अडचण असते. कंपनाची नोंद घड्याळाच्या हिशेबाने होते, तर दोष मात्र शाफ्टच्या कोनाशी बांधलेला असतो. ही विसंगती दूर करण्याच्या पद्धतीला कोनानुसार पुनर्नमुनाकरण असे म्हणता येईल. अभियंत्यांमध्ये ती ‘ऑर्डर ट्रॅकिंग’ या नावाने परिचित आहे.

वेग बदलला की चित्र पुसट होते

दर मिनिटाला १५०० फेरे घेणारा एक शाफ्ट घेऊ. त्यावर २३ दातांचे दंतचक्र बसवलेले आहे. शाफ्ट सेकंदाला २५ फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ५७५ वेळा दाताला दात भिडतो. कंपनाच्या वारंवारतेचा आलेख काढल्यास ५७५ हर्ट्झवर एक उंच रेषा दिसावी. एखादा दात सदोष असेल, तर तिच्या दोन्ही बाजूंना २५ हर्ट्झच्या अंतरावर, म्हणजे ५५० आणि ६०० हर्ट्झवर, लहान रेषा उमटतात. या बाजूच्या रेषा हीच दोषाची खूण असते.

आता मोजमाप चालू असताना शाफ्टचा वेग दोन टक्क्यांनी कमी-अधिक झाला, असे समजू. तो १४७० ते १५३० फेऱ्यांच्या दरम्यान राहिला, तर दातांच्या भिडण्याची वारंवारता ५६३.५ ते ५८६.५ हर्ट्झ या पट्ट्यात फिरत राहते. एका रेषेच्या जागी २३ हर्ट्झ रुंदीचा बुटका उंचवटा दिसतो. याच कंपनाच्या दुप्पट वारंवारतेवर, ११५० हर्ट्झच्या आसपास, हा पट्टा ४६ हर्ट्झ रुंद होतो. तेथे बाजूच्या रेषाही तेवढ्याच पसरतात आणि मधल्या उंचवट्यात मिसळून जातात. दोष यंत्रात असतो, नोंदीतही असतो, परंतु आलेखात तो सापडत नाही.

दोन टक्के ही अतिशयोक्ती नाही. कारखान्यातील विद्युत मोटर भार वाढताच थोडी मंदावते. औष्णिक वीजकेंद्रातील दर मिनिटाला ३००० फेरे घेणारी मोठी जनित्रेही विद्युतजाळ्याच्या वारंवारतेबरोबर वर-खाली होतात. भारतीय विद्युत ग्रिड संहितेने ठरवलेला ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ हा पट्टा लक्षात घेतला, तर हा वेग २९९४ ते ३००३ फेऱ्यांच्या दरम्यान बदलू शकतो. बदलत्या वेगाने चालणाऱ्या पवनचक्क्यांची स्थिती याहून बिकट आहे. सातारा आणि धुळे जिल्ह्यांतील पठारांवर असो वा तमिळनाडूतील मुप्पंदल येथे, वाऱ्याच्या एका झोताबरोबर अशा पवनचक्कीचा वेग काही सेकंदांत लक्षणीय बदलू शकतो.

मात्रा मोजणारा श्रोता

संगीताच्या उदाहरणाने हा मुद्दा अधिक स्पष्ट होईल. तीनतालाच्या एका आवर्तनात १६ मात्रा असतात. समजा, एखाद्या नवशिक्या तबलावादकाचा हात प्रत्येक आवर्तनात अकराव्या मात्रेवर अडखळतो. लय हळूहळू वाढत असेल आणि श्रोता हातात घड्याळ घेऊन बसला असेल, तर ही चूक त्याला दर वेळी वेगळ्या अंतराने ऐकू येईल. त्यात काही नियम आहे, हेही त्याच्या ध्यानात येणार नाही. हाताने ताल धरणारा श्रोता मात्र दोन-तीन आवर्तनांतच सांगेल की, चूक अकराव्या मात्रेवर आहे. लय विलंबित असो वा द्रुत, त्याचे उत्तर बदलत नाही.

कोनानुसार पुनर्नमुनाकरण म्हणजे संगणकाला असा ताल धरायला शिकवणे होय. शाफ्टचा एक फेरा हे आवर्तन आणि त्यातील समान कोन या मात्रा. या हिशेबात वारंवारतेची जागा ‘ऑर्डर’ घेते. शाफ्टच्या एका फेऱ्यात एखादी घटना जितक्या वेळा घडते, तितकी तिची ऑर्डर. शाफ्टचा असमतोल पहिल्या ऑर्डरवर दिसतो. आपल्या उदाहरणातील दातांचे भिडणे २३व्या ऑर्डरवर आणि सदोष दाताच्या खुणा २२व्या व २४व्या ऑर्डरवर दिसतात. वेग १४७० असो वा १५३०, हे आकडे स्थिर राहतात आणि पसरलेला उंचवटा पुन्हा एका रेषेत गोळा होतो.

पद्धत कशी चालते?

पूर्वी हे काम इलेक्ट्रॉनिक उपकरणांवर सोपवले जात असे. शाफ्टकडून येणाऱ्या स्पंदांच्या आधारे नमुने घेण्याचा वेगच सतत बदलत ठेवला जाई. ही उपकरणे महाग होती आणि वेग झपाट्याने बदलल्यास मागे पडत. पुढे संगणक स्वस्त व वेगवान झाले, तसे हे काम गणिताकडे आले. या संगणकीय पद्धतीच्या अचूकतेचे के. आर. फाइफ आणि ई. डी. एस. मंक यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेले विश्लेषण आजही संदर्भासाठी वापरले जाते.

या पद्धतीत कंपनाचे नमुने नेहमीप्रमाणे ठराविक कालांतराने, पुरेशा वेगाने घेतले जातात. त्याच वेळी शाफ्टवरील एका खुणेवरून प्रत्येक फेऱ्याला एक स्पंद नोंदवला जातो. लागोपाठच्या तीन स्पंदांच्या वेळा माहीत असल्या, की त्या काळात शाफ्टचा कोनीय त्वरण स्थिर होता असे गृहीत धरून कोणत्या क्षणी शाफ्ट कोणत्या कोनात होता, याचे समीकरण मांडता येते. मग संगणक हाच प्रश्न उलटा विचारतो. फेऱ्याचे २५६ समान भाग केले, तर शाफ्ट प्रत्येक भागाच्या सीमेवर नेमका केव्हा पोहोचला? त्या क्षणांना प्रत्यक्ष नमुना घेतलेला असेलच असे नाही. म्हणून आजूबाजूच्या नमुन्यांवरून तेथील कंपनाचे मूल्य गणिताने काढले जाते. अशा रीतीने प्रत्येक फेऱ्यात, तो ४० मिलिसेकंदांचा असो वा ४१, बरोबर २५६ नमुने मिळतात.

सरासरीचे सामर्थ्य

सर्व फेरे असे एकाच मापाचे झाले, की ते एकावर एक ठेवून त्यांची सरासरी काढता येते. शाफ्टशी निगडित कंपन प्रत्येक फेऱ्यात त्याच कोनावर येते, म्हणून ते टिकून राहते. बाकीचा गोंगाट कधी अधिक तर कधी उणे असल्याने परस्परांत विरतो. १०० फेऱ्यांच्या सरासरीत असा अनियमित गोंगाट मूळच्या सुमारे एक दशांश उरतो. शेवटी हाती येते ते दंतचक्राच्या एका फेऱ्याचे स्वच्छ चित्र. त्यात २३ दात ओळीने दिसतात आणि एखादा दात वेगळा वागत असेल, तर तो कितवा हेही सांगता येते.

यासाठी लागणारा वेळ मात्र शाफ्टच्या गतीवर अवलंबून असतो. दर मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या शाफ्टला १०० फेऱ्यांसाठी चार सेकंद पुरतात. दर मिनिटाला १५ फेरे घेणाऱ्या पवनचक्कीच्या मुख्य शाफ्टला त्यासाठी ६ मिनिटे ४० सेकंद लागतात. एवढ्या वेळात वारा एकसारखा राहण्याची अपेक्षाच करता येत नाही. त्यामुळे तेथे कोनाचा हिशेब अपरिहार्य ठरतो.

बेअरिंगच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. ६२०५ क्रमांकाच्या प्रचलित बेअरिंगमध्ये साधारणपणे नऊ गोळ्या असतात. शाफ्टच्या एका फेऱ्यात बाहेरच्या कड्यावरील दोषावरून सुमारे ३.५८ आणि आतल्या कड्यावरील दोषावरून सुमारे ५.४२ वेळा गोळी जाते. हे आकडे पूर्णांक नाहीत. शिवाय गोळ्या किंचित घसरतात. म्हणून बेअरिंगचा हादरा प्रत्येक फेऱ्यात त्याच कोनावर येत नाही आणि सरासरीत पुसला जातो. अभियंते याचाच उपयोग करून घेतात. ते सरासरीतून मिळालेला दंतचक्रांचा भाग मूळ नोंदीतून वजा करतात आणि उरलेल्या भागात बेअरिंगचा दोष शोधतात.

चुका कोठे होतात?

ही पद्धत जितकी उपयुक्त, तितकीच काटेकोर आहे. पहिली चूक स्पंदाच्या वेळेची. सेकंदाला २५ फेरे घेणारा शाफ्ट सुमारे १११ मायक्रोसेकंदांत एक अंश फिरतो. स्पंदाची वेळ १०० मायक्रोसेकंदांनी चुकली, तर शाफ्टच्या कोनात जवळपास एक अंशाची चूक होते. ती क्षुल्लक वाटते. परंतु २३व्या ऑर्डरवर ती २३ पट होऊन सुमारे २० अंशांवर जाते आणि त्याच्या तिप्पट ऑर्डरवर ६० अंशांच्या पुढे जाते. म्हणून स्पंदाची वेळ कंपनापेक्षाही काळजीपूर्वक मोजावी लागते.

दुसरी चूक वेग कमी झाल्यावर होते. फेऱ्याला २५६ नमुने म्हणजे १५०० फेऱ्यांच्या वेगाला सेकंदाला ६४०० नमुने. वेग ६०० फेऱ्यांवर आला, की हाच आकडा २५६० होतो. अशा वेळी १२८० हर्ट्झच्या वरचे कंपन आधी गाळून टाकले नाही, तर ते खालच्या ऑर्डरवर खोटी रेषा बनून उभे राहते आणि निरोगी यंत्र सदोष ठरते.

तिसरी मर्यादा यंत्राच्या स्वभावातच आहे. प्रत्येक कवचाची आणि पायाची स्वतःची नैसर्गिक वारंवारता असते. ती शाफ्टच्या वेगानुसार बदलत नाही. घंटा हळू वाजवली वा जोरात, तिचा स्वर तोच राहतो, तसेच हे आहे. अशा अनुनादाची रेषा हर्ट्झच्या आलेखात ठळक असते आणि कोनाच्या आलेखात पुसट होते. म्हणून अनुभवी विश्लेषक दोन्ही आलेख समोर ठेवतो.

उत्तर समुद्राचा धडा

या तंत्राचे महत्त्व आणि त्याची मर्यादा, दोन्ही गोष्टी उत्तर समुद्रातील हेलिकॉप्टर सेवेच्या इतिहासात दिसतात. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी शेटलंड बेटांवरील संबरो विमानतळाकडे परतणारे चिनूक हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले आणि त्यातील ४७ पैकी ४५ जण मृत्युमुखी पडले. पुढील रोटर फिरवणाऱ्या यंत्रणेतील दंतचक्र निकामी झाल्याचे चौकशीत आढळले. त्यानंतर नव्वदच्या दशकात तेथील हेलिकॉप्टरांवर कंपनाची नोंद घेणाऱ्या यंत्रणा बसवण्यात आल्या. शाफ्टशी जुळवून काढलेली सरासरी हा त्या यंत्रणांचा गाभा आहे.

तरीही १ एप्रिल २००९ रोजी स्कॉटलंडमधील पीटरहेडजवळ सुपर प्यूमा जातीचे हेलिकॉप्टर कोसळून त्यातील सर्व १६ जणांचा मृत्यू झाला. मुख्य गिअरबॉक्समधील एक ग्रहचक्र धातूच्या थकव्यामुळे तुटले होते. २५ मार्च रोजी गिअरबॉक्समधील चुंबकीय शोधकावर धातूचा एक कण सापडला होता. कंपनाच्या नोंदींनी मात्र त्या चक्राच्या बिघाडाची सूचना दिली नव्हती. २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेतील तुरोय येथे त्याच कुळातील हेलिकॉप्टर कोसळून १३ जणांचा मृत्यू झाला. तेथेही ग्रहचक्रच तुटले होते आणि कंपनाच्या यंत्रणेकडून पूर्वसूचना मिळाली नव्हती.

यामागे तांत्रिक कारण आहे. ग्रहचक्र स्वतःभोवती फिरता फिरता मधल्या चक्राभोवतीही फिरते, म्हणून ते कवचावरील कंपनमापकाच्या सतत जवळ आणि दूर जात राहते. शेजारची तशीच इतर चक्रेही त्याच वेळी कंपन निर्माण करीत असतात. एका ग्रहचक्राचे कंपन वेगळे करण्यासाठी पी. डी. मॅकफॅडन यांनी १९९१ मध्ये एक युक्ती मांडली. ते चक्र कंपनमापकासमोरून जाते तेवढाच तुकडा दर वेळी घ्यायचा आणि दातांच्या क्रमाने ते तुकडे जोडायचे. ही युक्ती दातांच्या दोषासाठी उपयोगी आहे. मात्र पृष्ठभागाखाली वाढणारा तडा दातांच्या भिडण्यात फारसा फरक करत नसेल, तर स्वच्छ करण्याजोगा संकेतच नोंदीत अत्यल्प असतो.

कोनाचा हिशेब नोंदीत असलेली खूण स्पष्ट करतो, नसलेली खूण निर्माण करू शकत नाही. म्हणूनच कंपनाचा आलेख कितीही स्वच्छ दिसला, तरी तेलात सापडलेल्या धातूच्या एका कणाकडे दुर्लक्ष करता येत नाही.