मर्यादित खर्चातील अचूक रायफल : दहा मीटर एअर रायफलच्या जुळणीचा विचार

प्रस्तावना

पॅरिस येथील २०२४ च्या ऑलिम्पिक स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. त्याआधी २०२२ मध्ये ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांनी कैरो येथील जागतिक स्पर्धेत १० मीटर एअर रायफलचे सुवर्णपदक पटकावले होते. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत यांच्यापासून चालत आलेली महाराष्ट्राची ही परंपरा आज अनेक विद्यार्थ्यांना नेमबाजीकडे खेचून आणते.

या विद्यार्थ्यांपुढे लवकरच खर्चाचा प्रश्न उभा राहतो. क्लबची रायफल दिवसातून तास-दीड तास मिळते आणि ती आधीच्या खेळाडूच्या मापाने लावलेली असते. स्वतःची परदेशी बनावटीची नवी रायफल घ्यावयाची तर किंमत काही लाखांच्या घरात जाते. मध्यमवर्गीय किंवा शेतकरी कुटुंबाने कर्ज काढून अशी रायफल घेतली आणि छर्रे, प्रशिक्षण व प्रवास यांसाठी पैसाच उरला नाही, तर ती रायफल कपाटात पडून राहते आणि खेळाडूचा खेळही तेथेच थांबतो. मर्यादित रकमेत अचूक रायफल कशी उभी करावी, कोणत्या भागावर आधी खर्च करावा व कोणता खर्च पुढे ढकलावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. अचूकता केवळ यंत्रात नसून यंत्र आणि शरीर यांच्या जुळणीत असते, हे या विवेचनाचे मुख्य सूत्र होय.

अचूकतेचे गणित

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहा गुणांचा बिंदू अवघा ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. छर्ऱ्याचा व्यास ४.५ मिलिमीटर असल्याने त्याची कड या बिंदूला स्पर्शली तरी दहा गुण मिळतात. म्हणजेच छर्ऱ्याचे केंद्र लक्ष्यकेंद्रापासून २.५ मिलिमीटरच्या आत असावे लागते. २०१३ पासून पात्रता फेरीतही दशांश गुण मोजले जाऊ लागले. आता प्रत्येक पाव मिलिमीटरला एक दशांश गुण कमी होतो आणि १०.९ गुणांसाठी छर्रा केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत लागावा लागतो. साठ फैरींत कमाल ६५४ गुण शक्य असतात.

रायफलची पुढची माशी व डोळ्याजवळचे छिद्र यांत सुमारे ८० सेंटिमीटर अंतर असते असे धरले, तर दोहोंची रेषा ०.२ मिलिमीटरने चुकताच दहा मीटरवर छर्रा २.५ मिलिमीटर सरकतो आणि दहा गुणांच्या सीमेवर जातो. इतकी सूक्ष्म चूक नळीपेक्षा मानेच्या ताणामुळे, गालाच्या बदललेल्या दाबामुळे किंवा खांद्यावरील सरकलेल्या टेकूमुळे होण्याचा संभव अधिक असतो. म्हणून खर्चाचा क्रम ठरविताना हे गणित समोर ठेवणे आवश्यक आहे.

नळी आणि हवेची यंत्रणा

स्पर्धेच्या एअर रायफलींच्या स्थूलमानाने तीन पिढ्या आहेत. पहिली स्प्रिंगवर चालणारी. जर्मनीतील फाइनवेर्कबाऊ कंपनीच्या ३०० या मॉडेलमध्ये धक्का शोषण्यासाठी संपूर्ण यंत्रणा रुळांवरून मागे सरकते. दुसरी पिढी एका झटक्यात हवा दाबणारी. वाल्थर कंपनीच्या एलजीआर आणि फाइनवेर्कबाऊच्या ६०० मालिकेतील रायफली या गटात मोडतात. तिसरी पिढी आधीच भरलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालणारी असून १९९० च्या दशकापासून तिचाच वापर सार्वत्रिक झाला आहे. तिच्या सिलिंडरमध्ये साधारणतः २०० बारपर्यंत दाब असतो.

शिकाऱ्याच्या दृष्टीने लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, सुस्थितीतील जुन्या रायफलची नळी आजही दहा मीटरवर छर्रे जवळजवळ एकाच छिद्रातून पाठवू शकते. नव्या रायफलीने मुख्यतः सोय वाढविली. एका झटक्याच्या रायफलमध्ये प्रत्येक फैरीपूर्वी जड तरफ ओढावी लागते. साठ फैरींच्या स्पर्धेत त्याने दंड थकतो व शरीराची ठेवण मोडते. मात्र तिला सिलिंडर लागत नाही, हवा भरण्याची सोय लागत नाही आणि पहिली दोन वर्षे शिकण्यासाठी ती पुरेशी ठरते.

वापरलेली सिलिंडरची रायफल घेताना सिलिंडरवरील उत्पादनाची तारीख प्रथम पाहावी. सिलिंडरची मुदत सामान्यतः दहा वर्षांची असते आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. स्वस्तात मिळालेल्या रायफलला लगेच नवा सिलिंडर घ्यावा लागला, तर बचतीचा मोठा भाग तेथेच जातो. हवेचा दाब, व्हॉल्व्ह व सील यांना घरी हात लावू नये. ते काम प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

छर्ऱ्यांची निवड

सर्वांत कमी खर्चात सर्वाधिक लाभ देणारी बाब छर्ऱ्यांची आहे. स्पर्धेचे सपाट तोंडाचे छर्रे साधारण अर्ध्या ग्रॅमचे असून त्यांच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर असा किंचित वेगवेगळा असतो. एका नळीला एक माप मानवते, तर दुसरीला दुसरे. रायफल रेंजवर शिकंज्यात घट्ट बसवून प्रत्येक मापाचे दहा-दहा छर्रे झाडावेत व छिद्रांचा विस्तार मोजावा. ज्या मापाचा विस्तार सर्वांत कमी, त्याच मापाचे व शक्य तर त्याच उत्पादन-गटाचे डबे हंगामासाठी घ्यावेत. महागड्या छर्ऱ्याचे चुकीचे माप हे मध्यम किमतीच्या योग्य मापापेक्षा वाईट ठरते.

दस्ता : जुळणीचे खरे स्थान

या प्रकारात नेमबाज उभा राहून, पट्ट्याचा आधार न घेता नेम धरतो. उजव्या हाताच्या नेमबाजाचा डावा कोपर कंबरेच्या हाडावर टेकतो आणि रायफलचे वजन स्नायूंऐवजी हाडांच्या सांगाड्यावर यावे असा प्रयत्न असतो. हे साधण्यासाठी दस्त्याची चार मापे जुळावी लागतात : खांद्याच्या टेकूपासून ट्रिगरपर्यंतची लांबी, टेकूची उंची, गालाच्या आधाराची उंची आणि पुढच्या हाताखालील ठोकळ्याची उंची. नियमानुसार रायफलचे एकूण वजन ५.५ किलोग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही.

मापे लावण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. प्रथम उभे राहण्याची ठेवण निश्चित करावी व नंतरच रायफल त्या ठेवणीकडे आणावी. मान वाकवून डोळा छिद्राकडे नेण्याऐवजी गालाचा आधार वर-खाली करून छिद्र डोळ्यासमोर आणावे. चाचणी सोपी आहे. डोळे मिटून रायफल खांद्यास लावावी, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. माशीच्या कड्यात काळे वर्तुळ आपोआप दिसले तर जुळणी योग्य. दिसले नाही तर हाताने रायफल ढकलण्याऐवजी पाय किंवा आधार बदलावा.

सर्व बाजूंनी हलणारा ॲल्युमिनियमचा दस्ता सोयीचा असतो, पण तो अनिवार्य नाही. जुन्या लाकडी दस्त्यावर वर-खाली होणारा टेकू व गालाचा आधार बसविता येतो. सुताराने कोरलेला लाकडी ठोकळा हाताची उंची भरून काढतो. अशा प्रत्येक बदलानंतर नियमांतील मापांशी पडताळणी करून घेणे मात्र आवश्यक असते, कारण स्पर्धेपूर्वी साहित्याची तपासणी होते.

नेमयंत्रणा आणि पोशाख

दुर्बीण या प्रकारात निषिद्ध असल्याने मागील सूक्ष्म छिद्र व पुढील कडे यांवरच नेम अवलंबून असतो. वापरलेल्या रायफलसोबत मिळणारे मागील साहित्य घेण्यापूर्वी एकाच दिशेला दहा खटके फिरवून पुन्हा दहा खटके परत आणावेत. छर्रा मूळ जागी लागला नाही, तर स्क्रू झिजले आहेत असे समजावे. येथे बचत करू नये. पुढचे कडे मात्र स्वस्त असते. नवशिक्याने काळ्या वर्तुळाभोवती पुरेसा पांढरा भाग दिसेल असे मोठे कडे वापरावे. लहान कड्यात नैसर्गिक डोलणेही भयंकर वाटते आणि ट्रिगर घाईने ओढला जातो.

कॅनव्हास व चामड्याचे जाकीट पाठीला स्थैर्य देते. त्याच्या कापडाची जाडी एकेरी २.५ मिलिमीटरपेक्षा अधिक चालत नाही. दुसऱ्याचे सैल जाकीट घेण्यापेक्षा अंगाच्या मापाचे साधे जाकीट शिवून घेणे हितावह असते. वाढत्या वयाच्या विद्यार्थ्याने ते घेण्याची घाई करू नये.

कायदा आणि सुरक्षितता

शस्त्र नियम, २०१६ नुसार २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या किंवा ०.१७७ इंचापेक्षा मोठ्या व्यासाच्या हवाई शस्त्रास परवाना लागतो. स्पर्धेच्या एअर रायफलची ऊर्जा सुमारे आठ ज्यूल असते. तरीही ती खेळणे नव्हे. खरेदीची मूळ कागदपत्रे जपावीत, रायफल बंद पेटीतून न्यावी, सराव अधिकृत रेंजवरच करावा आणि तोंड सदैव लक्ष्याच्या दिशेला असावे.

महाविद्यालयांसाठी एक व्यवहार्य मार्ग

ज्या विद्यार्थ्यांना वापरलेली रायफलही परवडत नाही, त्यांच्यासाठी महाविद्यालयाने एक चांगली, सर्व मापे बदलता येणारी रायफल घेणे अधिक उपयुक्त ठरेल. दस्त्यावरील प्रत्येक पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा कराव्यात आणि प्रत्येक खेळाडूने आपली चार मापे व नेमयंत्रणेचे खटके वहीत नोंदवावेत. पाच मिनिटांत रायफल एकाच्या मापावरून दुसऱ्याच्या मापावर आणता येते. छर्रा न भरता केलेला ट्रिगरचा सराव, ज्याला ड्राय फायरिंग म्हणतात, त्यास सुविधा असलेल्या रायफलवर छर्ऱ्याचा खर्चही येत नाही. एका रायफलवर चार-पाच विद्यार्थी गंभीरपणे शिकू शकतात ते या वहीच्या बळावर.

समारोप

उपर्युक्त विवेचनावरून खर्चाचा क्रम स्पष्ट होतो : प्रथम सुस्थितीतील नळी व तिला मानवणारे छर्रे, नंतर दस्त्याची जुळणी, त्यानंतर विश्वासार्ह नेमयंत्रणा व मापाचे जाकीट, आणि सर्वांत शेवटी नवे मॉडेल. या क्रमाने गेल्यास उरलेला पैसा सरावाकडे वळविता येतो. रायफल विकत घेतल्यावर जुळणीचे काम संपत नाही. खेळाडूची उंची, वजन व अनुभव बदलत जातात तशी वहीतील मापेही बदलावी लागतात. ग्रामीण व निमशहरी भागातील गुणी विद्यार्थी केवळ किमतीच्या धास्तीने रेंजवरून परत जाऊ नये, यासाठी हा क्रम क्रीडाशिक्षकांनी प्रवेशाच्या दिवशीच पालकांना समजावून सांगणे अगत्याचे आहे.