विश्लेषण : फराळ, ओवाळणी आणि दिवाळी पहाट... मांजरीकरांना सण आणि रंगमंच दोन्ही कसे साधतील?

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्यातील बागा, मैदाने आणि नाट्यगृहे पहाटेपासून गजबजतात. बालनाट्यांचे प्रयोग वाढतात, व्यावसायिक नाटकांना सहकुटुंब गर्दी होते आणि डिसेंबरमध्ये सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचे वेध लागतात. यातले बहुतेक कार्यक्रम शहराच्या मध्यभागी होतात. मांजरीसारख्या टोकाच्या भागातील कुटुंबांपुढे मात्र दरवर्षी तोच पेच असतो. घरचे अभ्यंगस्नान, पूजा, पाहुणे सांभाळायचे की पहाटे गाडी काढून गाणे ऐकायला जायचे? आणि गेलेच, तर घरी मागे कोण राहणार?

मांजरीचा प्रश्न वेगळा का?

मुळा-मुठेच्या काठचे मांजरी बुद्रुक हे गाव जून २०२१ मध्ये इतर २२ गावांसोबत पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि बाजार समितीचा उपबाजार ही या परिसराची जुनी ओळख. आता हडपसर-मगरपट्ट्यात नोकरी करणाऱ्यांच्या गृहसंकुलांनी ती बदलली आहे. त्यामुळे इथे दोन प्रकारची घरे शेजारी-शेजारी दिसतात. एकात चार पिढ्या गावातच आहेत आणि दिवाळीला लेकी माहेरी येतात. दुसऱ्यात राज्याच्या इतर जिल्ह्यांतून आलेले कुटुंब आहे. ते एक तर सुट्टीत गावी जाते, नाही तर गावाकडचे आईवडील इकडे येतात. दोन्ही घरांत चार दिवस माणसे भरपूर आणि वेळ कमी असतो. महापालिका एक झाली, तरी बालगंधर्व रंगमंदिर इथून दहा-पंधरा किलोमीटरवरच राहिले.

‘दिवाळी पहाट’ ही प्रथा आली कुठून?

आज रूढ असलेली तिकीट, पास आणि व्यासपीठ अशी दिवाळी पहाट तुलनेने अलीकडची आहे. मुंबईच्या चतुरंग प्रतिष्ठानने १९८० च्या दशकात ती लोकप्रिय केली आणि पुढे पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक अशा शहरांत ती पसरली. पुण्यात पाडव्याच्या पहाटे सारसबागेत पणत्या लावायला आणि गाणे ऐकायला हजारो लोक जमू लागले.

पण पहाटे एकत्र बसून गाणे ही गोष्ट खेड्यांना नवी नव्हती. कोजागरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत गावोगावच्या मंदिरांत काकड आरती होते. टाळ, मृदंग आणि भूपाळ्यांनी गाव जागे होते. दिवाळी या महिन्याच्या मध्येच येते. म्हणजे शहराने दिवाळी पहाट शोधली, तेव्हा गावात पहाटेचे गाणे आधीच सुरू होते. फरक इतकाच, की तिथे श्रोता आणि गायक वेगळे नव्हते.

कार्यक्रम सहाच्या सुमारासच का सुरू होतात?

याचे कारण मुहूर्तापेक्षा कायद्यात आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आवाज आतल्या आत राहणार असेल तर सूट मिळते. म्हणूनच मैदानातील किंवा बागेतील कार्यक्रम सहाच्या आगेमागे सुरू होतो आणि नाट्यगृहातील कार्यक्रम साडेपाचलाही सुरू होऊ शकतो.

राज्य सरकार सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत शिथिल करू शकते. मात्र ती सवलत रात्रीची आहे, पहाटेची नाही. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही आवाजाची मर्यादाही याच नियमांत आहे. घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असलेल्या शेजाऱ्यासाठी हा आकडा महत्त्वाचा ठरतो.

कोणत्या दिवशी काय जमू शकते?

नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान सूर्योदयाआधी होते. दिवाळीच्या सुमारास पुण्यात सूर्योदय साधारण साडेसहाला असतो. सहाच्या कार्यक्रमाला मध्य पुण्यात पोहोचायचे, तर मांजरीतून पाचच्या सुमारास निघावे लागते. म्हणजे तेल, उटणे, अंघोळी आणि पहिला फराळ हे सगळे पावणेपाचपर्यंत उरकायला हवे. पाच-सहा जणांच्या घरात एकच न्हाणीघर असेल, तर हे गणित तीन वाजता उठल्याशिवाय सुटत नाही. त्यामुळे या दिवशी लांब जाण्याचा अट्टहास न केलेला बरा.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ बहुतेकांनी घरासाठी आणि दुकानासाठीच राखलेली असते. काही वर्षी चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी येते, तेव्हा तो दिवस आणखी भरगच्च होतो.

पाडव्याची पहाट तुलनेने मोकळी असते. ओवाळणी संध्याकाळी करण्याची पद्धत अनेक घरांत आहे. सर्वाधिक गर्दीचे कार्यक्रमही याच दिवशी होतात. भाऊबीजेला बहीण-भाऊ, मेहुणे, भाचरे एका घरी जमलेली असतात. दुपारचे जेवण आणि ओवाळणी झाल्यावर संध्याकाळी पाचच्या प्रयोगाला सगळ्यांनी मिळून जाणे हा सर्वांत कमी ओढाताणीचा बेत ठरतो. पुण्यात सुट्टीच्या दिवशी नाटकांच्या वेळा साधारण दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच-साडेपाच आणि रात्री साडेनऊ अशा असतात.

मुलांसाठी काय?

दिवाळी आणि मे महिना हे बालनाट्यांचे हक्काचे हंगाम. मराठी बालरंगभूमीला शिस्त दिली ती सुधा करमरकर यांनी १९५९ मध्ये सुरू केलेल्या ‘लिटल थिएटर’ने. रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ हे त्या संस्थेचे पहिले नाटक. मतकरींचेच ‘अलबत्या गलबत्या’ २०१८ मध्ये नव्याने रंगमंचावर आले आणि चेटकिणीच्या भूमिकेतील वैभव मांगले यांना पाहायला मुलांची रीघ लागली. त्याच नाटकाच्या जुन्या प्रयोगांत दिलीप प्रभावळकरांची चेटकीण पाहिलेले आजी-आजोबा आज नातवंडांना घेऊन जातात. एकाच नाटकाच्या तीन पिढ्या अशा तयार होतात.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची चळवळ आली. राजा-राणी, परी-राक्षस यांऐवजी मुलांचे रोजचे प्रश्न त्या नाटकांत दिसू लागले आणि मुलांच्या भूमिका मोठी माणसे करू लागली. पहिल्यांदा नाटक पाहणाऱ्या मुलासाठी प्रयोग निवडताना त्याचे वय, प्रयोगाची लांबी आणि रंगमंचावरील अंधार-आवाज या तीन गोष्टी पाहिल्या तर मध्यंतरातच घरी परतायची वेळ येत नाही.

खर्च किती येतो?

दिवाळी पहाटेचे बरेच कार्यक्रम विनामूल्य असतात. बँका, बांधकाम व्यावसायिक, स्थानिक राजकीय कार्यकर्ते ते प्रायोजित करतात. प्रवेश पासवर आणि ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ या तत्त्वावर असतो. पास हातात आहे म्हणजे खुर्ची मिळालीच, असे त्यात नसते. पुढच्या काही रांगा निमंत्रितांसाठी राखीव ठेवण्याची प्रथा आहे. त्यामुळे वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी अर्धा तास आधी पोहोचणे किंवा सरळ तिकिटाचा, आसनक्रमांक असलेला कार्यक्रम निवडणे सोयीचे.

नाटकाची बरीच तिकिटे ५०० रुपयांच्या आत असतात. नाटक, नृत्य, सर्कस यांच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी माफ आहे, हे त्यामागचे एक कारण. सहा जणांच्या कुटुंबाने चारशेच्या दराने तिकिटे काढली, तरी २,४०० रुपये होतात. त्यात प्रवास आणि मध्यंतरातला बटाटेवडा वेगळा. बाल्कनीची तिकिटे स्वस्त असतात, पण गुडघेदुखी असलेल्यांना जिने चढावे लागतात. तिकिटे नाट्यगृहाच्या खिडकीवर तसेच ‘बुक माय शो’, ‘तिकिटालय’ यांसारख्या ॲपवर मिळतात. ॲपवर सुविधाशुल्क लागते. खिडकीवर ते वाचते, पण मांजरीहून आगाऊ तिकीट काढायला वेगळी खेप पडते.

जायचे-यायचे कसे?

सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे हडपसर-माळवाडीतील विठ्ठल तुपे नाट्यगृह. तिथे प्रयोग लागलेला असेल, तर प्रवासाचा अर्ध्याहून अधिक त्रास वाचतो. त्यामुळे जाहिरात पाहताना नाटकाच्या नावासोबत नाट्यगृहाचे नावही पाहावे. एकच नाटक आठवड्यात शहरातल्या दोन-तीन नाट्यगृहांत फिरते आणि त्यांतले एखादे आपल्या बाजूचे असू शकते.

बालगंधर्वला जायचे असेल, तर पुणे-दौंड मार्गावरील मांजरी बुद्रुक स्थानकातून पुणे स्थानक आणि तिथून वनाझकडे जाणाऱ्या मेट्रोने छत्रपती संभाजी उद्यान स्थानक, असा मार्ग उपलब्ध आहे. मेट्रोतून उतरल्यावर रंगमंदिर चालत गाठता येते. मात्र मांजरीला मोजक्याच गाड्या थांबतात. जाताना जमले, तरी रात्रीच्या प्रयोगानंतर हा मार्ग उपयोगाचा नाही. साडेनऊचा प्रयोग सुटेपर्यंत मध्यरात्र होते आणि तेव्हा स्वतःचे वाहन किंवा रिक्षा-कॅब हाच पर्याय उरतो. सणाच्या दिवसांत मेट्रो आणि पीएमपीच्या वेळा बदलतात. विशेषतः लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सेवा लवकर आटोपती घेतली जाते. निघण्यापूर्वी त्या दिवसाचे वेळापत्रक पाहणे म्हणूनच आवश्यक.

दिवाळी हुकली तर?

हंगाम तिथे संपत नाही. पं. भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो आजही भरवते. भीमसेनजींच्या निधनानंतर त्यांचेही नाव महोत्सवाला जोडले गेले. एकेकाळी शाल-घोंगडी, चहाचे थर्मास घेऊन पुणेकर रात्रभर बसत आणि सकाळी भीमसेनजींच्या गाण्याने सांगता होई. ध्वनिवर्धकाच्या नियमांनंतर ती रात्र संपली आणि मैफली दुपारपासून भरू लागल्या.

जुन्या रसिकांना ही खंत वाटते. पण लांब राहणाऱ्यांच्या दृष्टीने त्यात एक सोयही आहे. मुकुंदनगरच्या मैदानावर दुपारी जाऊन, दोन-तीन कलाकार ऐकून रात्री वेळेत मांजरीत परतता येते. खुर्चीपेक्षा भारतीय बैठकीचे तिकीट स्वस्त असते आणि मुलांना तिथे पाय पसरायला जागा मिळते.

गावात, सोसायटीतच कार्यक्रम करता येईल का?

नक्कीच. त्यासाठी मोठे मानधन घेणारे कलाकारच हवेत असे नाही. सोसायटीतील शाळकरी मुले, तबला शिकणारा तरुण, भजनी मंडळातल्या काकू आणि गावातले पखवाजवादक मिळून दीड तासाचा कार्यक्रम सहज उभा राहतो. हौशी मंडळाने किंवा संस्थेने श्रोत्यांकडून पैसे न घेता केलेल्या सादरीकरणाला कॉपीराइट कायद्यात सूट आहे. मात्र ध्वनिवर्धक लावायचा, तर त्यासाठी लेखी परवानगी लागते आणि उघड्यावर सहाची मर्यादा पाळावीच लागते. तीस-चाळीस घरांच्या इमारतीत गच्चीवर ध्वनिवर्धकाशिवायही गाणे पोहोचते. मग ध्वनिवर्धकाच्या परवानगीचा प्रश्नच उरत नाही.

याचा दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा आहे. मूळ गावकरी आणि नव्याने आलेले रहिवासी एरवी फक्त पाण्याच्या टँकरवरून किंवा पार्किंगवरून एकमेकांशी बोलतात. काकड आरतीला गेलेल्या नव्या रहिवाशाला आणि सोसायटीच्या गाण्याला आलेल्या गावातल्या आजोबांना एकमेकांची वेगळी ओळख होते.

घरी मागे कोण राहते?

सुट्टीच्या बेतात हा प्रश्न शेवटी विचारला जातो. खरे तर तो पहिला हवा. चार वाजता उठून पाणी तापवणारी, फराळाचे ताट लावणारी आणि पाहुण्यांसाठी थांबणारी बाई बहुधा एकच असते. सगळे पहाटेच्या गाण्याला जातात आणि ती दुपारच्या जेवणाच्या तयारीला लागते. गुडघे दुखणारी आजी ‘तुम्ही जाऊन या’ म्हणते आणि घरचे ते खरे मानतात. ज्या दिवशी सगळे एकत्र, त्याच दिवशी दोघी घरात.

यावर उपाय अवघड नाहीत. कार्यक्रमाच्या दिवशीचे जेवण बाहेरून आणणे किंवा आदल्या दिवशी उरकणे, कामे वाटून घेणे, पाहुण्यांना आधी वेळ कळवणे, आजीसाठी शेवटची नव्हे तर कडेची खुर्ची मागून घेणे. बेत ठरवताना सर्वांत अडकलेल्या माणसाची सोय आधी पाहिली, तर बाकीच्यांची आपोआप होते. त्यासाठी कधी बालगंधर्व सोडून माळवाडीचे नाट्यगृह निवडावे लागेल, कधी सारसबागेऐवजी इमारतीची गच्ची. गाणे थोडे कमी नावाजलेले असेल, पण ऐकायला घरातले सगळे असतील.