घरच्या लॅपटॉपमधील दस्तऐवजांचे जतन : बॅकअप म्हणजे काय व तो कसा घ्यावा

काही वर्षांपूर्वी आम्ही वसतिगृहात अगदी सुरुवातीपासून स्वयंपाकाचे काम पाहणाऱ्या मावशींची मुलाखत मोबाईलवर ध्वनिमुद्रित केली होती. पहिल्या वर्षी पंगतीला किती मुले होती, धान्य कोठून येई, टंचाईच्या दिवसांत भाकरी कशा मोजून वाढाव्या लागत, हे सारे त्यांनी आपल्या बोलीत, सुमारे दोन तास सांगितले. ती मुलाखत आम्ही लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली, जागा मोकळी व्हावी म्हणून मोबाईलमधून काढून टाकली आणि निश्चिंत झालो. पुढे एका सकाळी लॅपटॉप सुरूच झाला नाही. दुरुस्ती करणाऱ्याने आतील हार्ड डिस्क निकामी झाल्याचे सांगितले. त्या वेळी मावशी हयात नव्हत्या. त्या दोन तासांपैकी चार मिनिटांचा एक तुकडा आज शिल्लक आहे. कारण तो आम्ही एका माजी विद्यार्थ्याला सहज पाठविला होता आणि त्याने तो जपून ठेवला होता.

इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो की, ज्या ग्रंथाची एकच प्रत होती तो वाळवीने, पाण्याने वा आगीने गेला. ज्याच्या प्रती चार गावी होत्या तो टिकला. हा धडा आम्ही मुलांना शिकविला, स्वतःच्या घरी मात्र लागू केला नाही. या स्मरणिकेच्या निमित्ताने अनेक पालकांशी व माजी विद्यार्थ्यांशी बोलताना असे दिसले की, बहुतेक घरांत हीच स्थिती आहे. लॅपटॉप आला आहे. त्यातील ऐवजाची दुसरी प्रत मात्र कोठेही नाही. संगणकाची फारशी ओळख नसलेल्या वाचकांसाठी म्हणून हा लेख.

बॅकअप म्हणजे काय

बॅकअप म्हणजे मूळ फाइल जागेवर ठेवून तिची दुसरी प्रत वेगळ्या वस्तूवर ठेवणे. या व्याख्येतील 'वेगळ्या वस्तूवर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. पुष्कळजण सी ड्राइव्हवरील फोटो डी ड्राइव्हवर ठेवतात आणि बॅकअप झाला असे समजतात. लॅपटॉपमध्ये बहुधा एकच डिस्क असते. सी आणि डी हे तिचेच दोन कप्पे. पेटीच जळाली तर दोन्ही कप्पे जळतात.

दुसरी चूक 'कट-पेस्ट'ची. फोटो लॅपटॉपमधून काढून पेन ड्राइव्हवर हलविले की प्रत एकच राहते, फक्त तिची जागा बदलते. आमच्या हातून मावशींच्या मुलाखतीबाबत घडले ते हेच. म्हणून बॅकअप घेताना नेहमी 'कॉपी' करावे, 'कट' कधीही करू नये.

डिस्क बिघडण्याची कारणे साधी असतात. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या असतात. त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात आणि वाचणारे टोक त्यांच्यापासून केसाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. चालू लॅपटॉप हातातून पडला की हे टोक तबकडीला घासते. नव्या एसएसडी प्रकारात फिरणारे काही नसते, म्हणून ती धक्का सोसते; पण बिघडताना ती बहुधा आवाज करीत नाही, सूचनाही देत नाही. याखेरीज चोरी, चहाचा सांडलेला पेला, विजेचा झटका आणि घरातील लहान मुलाने चुकून दाबलेली 'डिलीट' ही कळ, ही नित्याची कारणे आहेतच.

आधी काय जपावे

सर्वच जपण्याची गरज नसते. चित्रपट, गाणी, विंडोज, वर्ड यांसारख्या गोष्टी पुन्हा मिळतात. जे पुन्हा मिळणार नाही ते प्रथम जपावे. आम्ही त्याचे तीन भाग करतो.

पहिला भाग कागदपत्रांचा : शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रके, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, सातबारा, नेमणुकीचे आदेश, बँकेची व विम्याची कागदपत्रे. यांतही आजोबा-पणजोबांच्या जुन्या नोंदींना विशेष जपावे. अनुसूचित जातींच्या बाबतीत १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारला जातो, हे ज्यांनी मुलांच्या प्रवेशासाठी हेलपाटे घातले त्यांना सांगावयास नको. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा कोतवाल बुकातील नोंद मोठ्या कष्टाने मिळालेली असते आणि ती घरातील पुढच्या प्रत्येक मुलाला लागते. मात्र स्कॅन केलेली प्रत मूळ कागदाची जागा घेत नाही. मूळ कागद जपावाच. प्रत अशासाठी की, मूळ हरवल्यास नोंदीचा क्रमांक, दिनांक व कार्यालय हाती राहावे.

दुसरा भाग छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे. तिसरा भाग आपले स्वतःचे लेखन : प्रबंध, टिपणे, भाषणे, कविता, हिशेब.

ही सर्व सामग्री लॅपटॉपमध्ये दहा ठिकाणी विखुरलेली असते. ती 'घरचे जतन' अशा नावाच्या एकाच फोल्डरमध्ये आणून ठेवावी. त्या फोल्डरवर माउसची उजवी कळ दाबून 'प्रॉपर्टीज' पाहिले की आकार कळतो. किती मोठी डिस्क घ्यावी, हे त्यावरून ठरते.

तीन, दोन, एक

या कामात जगभर एक सोपा नियम वापरला जातो : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक घराबाहेर. लॅपटॉपमधील मूळ ही पहिली प्रत, बाहेरून जोडण्याच्या हार्ड डिस्कवरील दुसरी आणि इंटरनेटवरील साठ्यात अथवा नातेवाइकाच्या घरी ठेवलेली तिसरी.

घराबाहेरची प्रत कशाला, असा प्रश्न पडतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगलीचा पूर आला. २१ जून २०१२ रोजी खुद्द मंत्रालयाला आग लागून असंख्य फायली जळाल्या. अशा वेळी लॅपटॉप आणि त्याच कपाटातील डिस्क दोन्ही एकदमच जातात. घरात दहा प्रती असल्या तरी पाण्याच्या दृष्टीने ती एकच प्रत.

प्रत्यक्ष कृती

बाजारात यूएसबीने जोडण्याची एक टेराबाइटची हार्ड डिस्क मिळते. सामान्य कुटुंबाला ती पुष्कळ होते. पेन ड्राइव्ह नेण्या-आणण्यापुरता ठीक. तो लहान असतो, हरवतो आणि दीर्घकाळ जतनासाठी भरवशाचा नसतो.

डिस्क जोडल्यावर ती 'धिस पीसी'मध्ये दिसते. 'घरचे जतन' या फोल्डरवर एकदा क्लिक करून कंट्रोल ही कळ दाबून धरावी व सी दाबावी. मग डिस्क उघडून कंट्रोल व व्ही दाबावे. प्रत उतरल्यावर फोल्डरच्या नावापुढे दिनांक लिहावा, तोही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमाने. म्हणजे पुढे सर्व प्रती आपोआप कालक्रमाने लागतात. नवी प्रत घेताना जुनी लगेच पुसू नये. निदान मागील दोन प्रती ठेवाव्यात. कारण एखादी फाइल बिघडल्याचे कधीकधी दोन महिन्यांनी कळते. काम संपल्यावर डिस्क तशीच उपटू नये. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातील खुणेवर जाऊन 'इजेक्ट' म्हणावे आणि अनुमती आल्यावरच ती काढावी.

हे दरवेळी हाताने करणे ज्यांना जमणार नाही, त्यांच्यासाठी विंडोजमध्येच एक सोय आहे. डिस्क जोडून 'कंट्रोल पॅनेल' उघडावे, 'सिस्टम अँड सिक्युरिटी'मध्ये 'फाइल हिस्टरी' निवडावे आणि 'टर्न ऑन' म्हणावे. डिस्क जोडलेली असेपर्यंत, बदललेल्या फाइलींच्या प्रती दर तासाला आपोआप घेतल्या जातात आणि जुन्या आवृत्त्याही राहतात. परंतु ही सोय डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप अशा ठरावीक ठिकाणांपुरतीच आहे. म्हणून 'घरचे जतन' हे फोल्डर डॉक्युमेंट्समध्येच ठेवावे.

काम झाल्यावर डिस्क काढून ठेवावी, हा आमचा आग्रह आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर विषाणूने जगभरचे लाखो संगणक कुलूपबंद केले आणि कुलूप उघडण्यासाठी पैसे मागितले. असा विषाणू संगणकाला जोडलेल्या डिस्कवरील फाइलीही कुलूपबंद करतो. कपाटातील डिस्कपर्यंत त्याचा हात पोचत नाही.

इंटरनेटवरील साठा

गूगलच्या खात्यासोबत १५ जीबी जागा विनामूल्य मिळते; ती जीमेल, ड्राइव्ह व फोटोज या तिन्हींत मिळून असते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हवर ५ जीबी मिळते. कागदपत्रे व लेखन यांना एवढी जागा पुरते. फोटो व चित्रफितींना पुरत नाही. पूर्वी गूगल फोटोजवर अमर्याद जागा होती. १ जून २०२१ पासून ती सवलत संपली, हे अनेकांना अजून माहीत नाही.

येथे एक सावधगिरी. लॅपटॉपमधील एखादे फोल्डर या साठ्याशी जोडले असेल, तर लॅपटॉपवर पुसलेली फाइल तेथेही पुसली जाते. ती काही काळ, सामान्यतः ३० दिवस, कचरापेटीत राहते, नंतर जाते. म्हणून हा साठा उपयुक्त असला, तरी डिस्कवरील प्रतीला तो पर्याय नव्हे. खात्याचा पासवर्ड वहीत लिहून घरातील एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावा. ज्यांच्या लॅपटॉपची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे, त्यांनी तिची ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून पाहून कागदावर उतरवून ठेवावी.

शासकीय कागदपत्रांसाठी २०१५ मध्ये सुरू झालेले डिजिलॉकर आहे. संबंधित कार्यालयाने त्यात थेट दिलेले दस्तऐवज २०१६ च्या नियमांनुसार मूळ प्रतीसारखेच ग्राह्य धरले जातात. आपण स्वतः स्कॅन करून चढविलेल्या कागदांना तो दर्जा नसतो, हा फरक लक्षात ठेवावा.

मराठी लेखनाची विशेष काळजी

मराठीत लिहिणाऱ्यांची एक अडचण इंग्रजीत लिहिणाऱ्यांना नसते. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे आपले पुष्कळसे टंकलेखन श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांत झालेले आहे. ती फाइल उत्तम जपली, पण नव्या लॅपटॉपवर तो फाँट नसला, तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. फाइल आहे, पण वाचता येत नाही. जणू लिपी विस्मृतीत गेलेला शिलालेखच! म्हणून अशा फाइलींसोबत तो फाँटही जपून ठेवावा. जुना संगणक चालू आहे तोवर प्रत्येक फाइलीची पीडीएफ करावी आणि शक्य तेव्हा मजकूर युनिकोडमध्ये आणावा. नवे लेखन तर युनिकोडमध्येच करावे. संस्थेच्या जुन्या स्मरणिकांचे मजकूर ज्यांच्याकडे असतील, त्यांनी हे काम लांबणीवर टाकू नये.

प्रतीची परीक्षा

घेतलेली प्रत उघडते का, हे पाहिल्याशिवाय बॅकअप पूर्ण होत नाही. १९९८ मध्ये अमेरिकेतील पिक्सार या संस्थेत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या बहुतेक फाइली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नसल्याचे कोणी तपासलेच नव्हते. गॅलिन सुसमन या अधिकारी बाई बाळंतपणामुळे घरून काम करीत होत्या. त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत निघाली आणि चित्रपट वाचला. एवढ्या मोठ्या, तज्ज्ञांनी भरलेल्या संस्थेची ही कथा. मग आपण तर नवशिके. दर तीन महिन्यांनी डिस्क दुसऱ्या एखाद्या संगणकाला जोडून चार-पाच फाइली उघडून पाहाव्यात : एक फोटो, एक दाखला, एक ध्वनिमुद्रण, एक लेख.

त्यासाठी दिवस ठरवून घ्यावा. आम्ही महिन्याचा पहिला रविवार ठरविला आहे. पहिल्या वेळी दोन-तीन तास लागतात. पुढे अर्धा तास पुरतो. वर्षातून एकदा गावी जाताना दुसरी डिस्क धाकट्या भावाच्या घरी ठेवून तेथील जुनी परत आणतो. ज्या घरात शाळेत जाणारी मुलगी वा मुलगा आहे, त्या घरी हे काम त्यांच्याकडे सोपवावे. ती हे आपल्यापेक्षा लवकर शिकतात. शिवाय आजोबांचा दाखला हाताळताना घराचा इतिहासही त्यांच्या कानावर पडतो.

शेवटी एक विनंती. या शाळेच्या प्रत्येक तुकडीतील कोणाच्या ना कोणाच्या घरी एखादे जुने छायाचित्र, एखादे पत्र, एखाद्या गुरुजींचा आवाज आहे. त्याची एक प्रत स्वतःकडे ठेवावी, एक वर्गमित्राला द्यावी आणि एक शाळेला. मावशींची ती चार मिनिटे आता आमच्या लॅपटॉपवर, कपाटातील डिस्कवर, गावी भावाकडे आणि शाळेच्या कार्यालयात अशी चार ठिकाणी आहेत. त्यांत त्या एवढेच सांगतात की, पहिल्या वर्षी ताटे कमी होती, म्हणून मुले दोन पंगतींत जेवत आणि लहानांची पंगत आधी बसे. पुढचे आता कोणालाही ऐकता येणार नाही.