रोषणाईतील विजयस्तंभ टिपताना

भीमेकाठच्या कोरेगाव येथील विजयस्तंभाची १ जानेवारीच्या रात्रीची छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहेत. बहुतेकांत स्तंभाच्या जागी नुसता पांढरा लोळ दिसतो. भोवतीच्या काळ्या आकाशामुळे कॅमेरा दृश्य अंधारे समजतो, अधिक प्रकाश आत घेतो आणि उजळलेला दगड त्यात हरवतो. म्हणून मोबाइलच्या पडद्यावर स्तंभावरच बोट टेकवावे व उजेड उतरवावा. सूर्यास्तानंतर सुमारे २० मिनिटांनी आकाशात निळाई उरलेली असते. ती वेळ सर्वांत चांगली.

तिवईवर कॅमेरा ठेवून, आयएसओ १०० वर शटर २-३ सेकंद उघडे ठेवल्यास दगड सुरेख येतो. पण चालती माणसे विरून जातात. १९२७ साली बाबासाहेब जेथे आले, तेथे आजही लोटणारी माणसेच चित्रातून पुसली जावीत, हे मला पटत नाही. त्यापेक्षा भिंग पूर्ण उघडून, आयएसओ ३२०० करून शटर १/६० सेकंदावर आणावे. चित्र थोडे रवाळ झाले तरी चालेल.

१८१८ च्या लढाईत पडलेल्यांची कोरीव नावे मात्र रात्री टिपू नयेत. समोरून झोत पडला की अक्षरे सपाट होतात. ती दिवसा, तिरप्या उन्हात घ्यावीत.