घर उभे राहिले, मनाचे काय?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांना भूकंपाचा तीव्र धक्का बसला. आदल्या दिवशीच अनंत चतुर्दशी होती. दगडमातीच्या जाड भिंती कोसळून किल्लारी, सास्तूर व परिसरातील हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पुढे शासन, स्वयंसेवी संस्था व ग्रामस्थ यांच्या प्रयत्नांतून नवी गावे वसली. परंतु घराचा पंचनामा करता येतो, तसा मनाच्या पडझडीचा करता येत नाही. म्हणूनच ती ओळखण्याची जबाबदारी गावातील जाणत्या माणसांवर येते.

विकार केव्हा म्हणावा?

भूकंप, दरड, पूर, अपघात वा अत्याचार यांनंतर झोप उडणे, रडू येणे, दचकणे हे स्वाभाविकच होय. बहुसंख्य लोक आप्तांच्या आधाराने काही आठवड्यांत सावरतात. मात्र ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यामुळे कामधंदा वा संसार विस्कळीत होऊ लागला, तर तो आघातोत्तर तणाव विकार असू शकतो. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये या विकाराचा आपल्या अधिकृत वर्गीकरणात समावेश केला.

त्याची लक्षणे चार प्रकारची असतात. घटना पुन्हा घडत असल्यासारखी डोळ्यांसमोर उभी राहणे वा स्वप्नात येणे. तिची आठवण करून देणारी जागा, माणसे व विषय टाळणे. मन बधिर होणे, 'मी वाचलो, ते का गेले?' अशी अपराधी भावना बाळगणे. आणि सतत सावध राहणे, चिडणे, लहानशा आवाजानेही दचकणे. लहान मुले हे शब्दांत सांगत नाहीत. ती आईला बिलगून राहतात, अंथरूण ओले करतात किंवा खेळात तीच घटना पुन्हा पुन्हा रंगवितात. अशा मुलास शिक्षा करणे सर्वथा अनुचित होय.

उपचार कसा होतो?

आठवण टाळल्याने तात्पुरते बरे वाटते, परंतु भीती मात्र कायम राहते. आठवण म्हणजे संकट नव्हे, हे शिकण्याची संधीच मनाला मिळत नाही. उपचारात प्रशिक्षित तज्ज्ञ सुरक्षित वातावरणात, रुग्णाच्या संमतीने व त्याला झेपेल अशा गतीने घटनेची उजळणी करवून घेतो. टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने परत नेतो आणि अपराधी विचार तपासून पाहण्यास शिकवितो. असा उपचार बहुधा आठ ते बारा बैठकींचा असतो. काहींना अधिक काळ लागतो. डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवणींचा ताण कमी करण्याची पद्धतीही उपयुक्त ठरली आहे. गरजेनुसार डॉक्टर नैराश्यावरील औषधे देतात. मनाने झोपेच्या गोळ्या घेणे किंवा दारूचा आश्रय करणे मात्र हानिकारक ठरते.

गावाने काय करावे?

आपत्तीनंतर लगेच प्रत्येकाला घटना सांगण्यास भाग पाडू नये. त्याने लाभ होत नाही, प्रसंगी अपायही होतो. प्रथम निवारा, अन्न, आप्तांची भेट व खरी माहिती द्यावी. बोलू इच्छिणाऱ्याचे शांतपणे ऐकावे. शाळा शक्य तितक्या लवकर सुरू करावी. ठरलेल्या दिनक्रमाने मुलांना धीर येतो. 'बाधा झाली', 'भित्रा आहे' अशी दूषणे देऊ नयेत. महिन्यानंतरही जे सावरले नाहीत, त्यांची ग्रामसेवक, आशा कार्यकर्ती व शिक्षक यांनी आस्थेने विचारपूस करावी आणि त्यांना जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभागाकडे न्यावे. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. कोणी जीव देण्याची भाषा करीत असेल, तर त्यास एकटे न सोडता तत्काळ मदत मिळवून द्यावी.

वर्षे लोटली तरी हा उपचार व्यर्थ ठरत नाही. उपचाराने घटना विसरली जात नाही, पण ती आठवूनही माणसाला रात्री शांत झोप लागू शकते, शेतात जाता येते आणि मुलाबाळांत रमता येते. पुनर्वसनाचे काम तेथवर पोहोचले पाहिजे.