लाकडात रेझिन मुरवायचं तर आधी लाकूड वाळवा

विठ्ठलवाडीहून उल्हासनगरचा फर्निचर बाजार अगदी जवळ. तिथल्या कारखान्यांत कापून उरलेले लाकडाचे तुकडे स्वस्तात मिळतात. आमच्या गटाने आंब्याचे असे पोतंभर तुकडे आणून कीचेन आणि कानातले केले. दुकानदार म्हणाला, "रेझिन लावा, लाकडाला काही होणार नाही." आम्ही वरून इपॉक्सीचे दोन हात दिले. माल काचेसारखा चमकला. पावसाळ्यात मात्र कीचेनच्या भोकातून पिवळी भुकटी गळायला लागली. आत कीड जिवंत होती. गिऱ्हाइकांचे पैसे गटाच्या बचतीतून परत करावे लागले.

आमची चूक साधी होती. लाकडावर रेझिन लावणं वेगळं आणि लाकडात मुरवणं वेगळं. सावंतवाडीच्या किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या खेळण्यांवर लाख चढवतात, ती वरची झिलई असते. लाकूड चांगलं असेल तर तेवढी पुरते. पण मऊ, ठिसूळ, किडीने पोखरलेलं लाकूड पक्कं करायचं तर रेझिन आतल्या बारीक छिद्रांत भरावं लागतं. यालाच 'स्टॅबिलाइज' करणं म्हणतात.

भांडी घासायचा स्पंज पाण्याखाली दाबून सोडून बघा. आतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि तिच्या जागी पाणी शिरतं. लाकूड दाबता येत नाही, म्हणून पंपाने हवा ओढायची. एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो तसाच व्हॅक्यूम पंप लागतो. तुकडे रेझिनमध्ये बुडवायचे, वर तरंगू नयेत म्हणून वजन ठेवायचं आणि पंप सुरू करायचा. बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तो चालू ठेवायचा. याला काही तास लागतात, कधी अख्खा दिवसही जातो. मग पंप बंद करून हवा आत सोडायची. खरं रेझिन आत जातं ते आत्ता, बाहेरच्या हवेच्या दाबाने. म्हणून घाईने तुकडे बाहेर काढू नका. पंप चालला त्याच्या दुप्पट वेळ तरी ते तसेच बुडू द्या.

पण छिद्रात आधीच पाणी असेल तर रेझिनला जागा कुठली? आपल्याकडच्या दमट हवेत उन्हात वाळवलेलं लाकूडही आतून ओलसर राहतं. ते ओळखायला वजनकाटा पुरतो. तुकडा तोला, ओव्हनमध्ये साधारण १०५ अंशांवर ठेवा, काही तासांनी परत तोला. वजन उतरायचं थांबलं की तुकडा सुकला. १२० ग्रॅमचा तुकडा १०० ग्रॅमवर आला, तर त्यात २० ग्रॅम पाणीच होतं! या उष्णतेने आतली कीडही मरते. मग तो झिपच्या पिशवीत बंद करून पूर्ण गार करा. उघडा ठेवलात तर हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेईल, आणि गरमच बुडवलात तर रेझिन भांड्यातच घट्ट व्हायला लागेल.

रेझिन कोणतं, इथे बऱ्याचजणी फसतात. दोन बाटल्या मिसळून करायची इपॉक्सी या कामाची नाही. ती दाट असते आणि लाकडात मुरायच्या आतच घट्ट होते. लागतं ते पाण्यासारखं पातळ, उष्णतेने पक्कं होणारं रेझिन. मुरलेला तुकडा फॉइलमध्ये गुंडाळून साधारण ९० अंशांवर, गाभ्यापर्यंत तापेल इतका वेळ भाजायचा. उरलेलं रेझिन गाळून बंद डब्यात गार जागी ठेवलं तर पुन्हा चालतं.

सागावर मात्र खर्च करू नका. तो तेलकट आणि मुळातच टिकाऊ, रेझिन फारसं पीत नाही. शिसवीचंही तेच. आंबा, पांगारा अशी हलकी लाकडं चांगली पितात. शेवटी परत तोला. सुकलेल्या वजनापेक्षा फारशी वाढ नसेल तर रेझिन आत गेलेलंच नाही.

हा ओव्हन स्वयंपाकाला परत वापरायचा नाही, आणि शेजारी गॅस पेटता नको. हातात नायट्राइलचे मोजे घाला, कारण या रेझिनची कातडीला ॲलर्जी होऊ शकते. घासताना मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा. पंपाला लोणच्याची बरणी जोडू नका. ती आतल्या बाजूला फुटते आणि काचा उडतात. या लाकडाचे पोळपाट, चमचे किंवा तान्ह्या बाळाची खेळणी करू नका. सांडलेलं रेझिन मोरीत ओतू नका, ते वालधुनीत जाईल. कागदाने टिपून ओव्हनमध्ये घट्ट करा, मग कचऱ्यात टाका.

पंपासाठी कर्जाचा ठराव करण्याआधी ज्यांच्याकडे पंप आहे त्यांच्याकडून पाच तुकडे करून आणा. तिन्ही वजनं वहीत लिहा: आणलं तेव्हाचं, सुकल्यावरचं आणि रेझिन भाजल्यावरचं. त्यातला एक तुकडा मधोमध कापून रेझिन गाभ्यापर्यंत गेलंय का बघा. बाकीचे चार एक पावसाळा घरातच ठेवा.